लाल खोक्यातले पॅड

माझ्या धाकट्या भावाने काउंटरवर कागद सरकवला, तेव्हा मी एका टेंपोवाल्याचे जुने ब्रेक शू नव्याला लावून बघत होते. "ताई, एवढं काढून ठेव," असं म्हणून तो स्टुलावर जाऊन बसला. मी कागदावरून नजर फिरवली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भोकं पाडलेल्या डिस्क. रेसिंगचे पॅड. पोलादी जाळीचे होज पाइप. रेसिंगचंच ब्रेक ऑइल. आणि सगळ्यात शेवटी, खाली दोन रेघा मारून, पॅड धरून ठेवणाऱ्या कॅलिपरला लावायचा पिवळा रंग.

बावीस वर्षं मी या दुकानात ब्रेकचे पार्ट देते. ब्रेकचं गिऱ्हाईक आलं की मालक तोंडही उघडत नाहीत, नुसतं माझ्याकडे बोट दाखवतात. लांबलांबचे फिटर फोन करून विचारतात, "ताई, अमुक गाडीला तमुक डिस्क चालेल का?" आणि मी नाही म्हटलं तर विषय संपतो. आणि माझ्या सख्ख्या भावाने मला यादी द्यावी! विचारायचंसुद्धा नाही! कुठल्यातरी व्हिडिओतला कुणीतरी उलटी टोपी घातलेला इसम सांगतो म्हणून तो मोठा जाणकार, आणि बहीण म्हणजे नुसती फळीवरून खोकी काढून देणारी.

"ही यादी कुणी केली?" मी विचारलं.

"मीच. का?"

"तू? तुझ्या सायकलचा ब्रेक लागत नव्हता तेव्हा चप्पल घासत घरापर्यंत यायचास, तो तू?"

टेंपोवाला हसला. धाकटा हसला नाही.

गाडी बाहेरच उभी होती. निळी, बुटकी, दोनच सीटची, अठरा वर्षं जुनी स्पोर्ट्स कार. ही त्याने घेतली तेव्हा भावजय आठवडाभर त्याच्याशी कामापुरतं बोलत होती. पण माझी भाची मात्र गाडीवर खूश. तिला मी लाडाने ठकी म्हणते. नऊ वर्षांची आहे, आणि रोज सकाळी त्या गाडीत बसून राणीसारखी शाळेत जाते.

मी व्हर्निअर घेऊन बाहेर गेले आणि पुढच्या चाकापाशी उकिडवी बसले. डिस्कच्या कडेला बोटाला लागेल एवढा काठ आला होता. मोजली, तर डिस्कवर जी कमीत कमी जाडी कोरलेली असते, तिच्याही खाली गेलेली. पॅड तर झिजून जवळजवळ पाठीच्या पत्र्यालाच टेकले होते. म्हणजे ही अशी गाडी घेऊन हा पोरीला शाळेत सोडत होता! मी तिथेच, भर फुटपाथवर, त्याची अशी काही खरडपट्टी काढली की शेजारचा टायरवाला हातातलं काम टाकून बघत राहिला.

"म्हणूनच तर बदलायला आलोय ना," तो पुटपुटला.

इथपर्यंत त्याचं बरोबर होतं, म्हणून मी त्याला पुन्हा आत नेलं.

काउंटरवर मी प्रत्येकाला तीन प्रश्न विचारते. गाडी कुठे चालते? किती वजन घेऊन चालते? आणि आत कोण बसतं? पहिले दोन कुणीही विचारेल. तिसरा माझा स्वतःचा आहे. त्यालाही मी तेच विचारलं.

"घर, ऑफिस, शाळा," तो म्हणाला. "आणखी कुठे जाणार?" हे म्हणताना तो माझ्या हातातल्या व्हर्निअरकडे बघत होता.

मग आम्ही यादीला लागलो. डिस्कचं भांडण मी जिंकले. भोकांच्या एका डिस्कला भोकापासून भोकापर्यंत तडा गेलेला होता, ती मी असल्याच शहाण्यांना दाखवायला काउंटरखाली ठेवलेली आहे. ती धाडकन त्याच्यासमोर ठेवली. त्याने तडा नखाने चाचपला आणि साध्या डिस्कला कबूल झाला. होज पाइपांवरून मी वाद घातला नाही, जुने आतून फुगलेच असणार होते. ऑइल त्याचं त्याला दिलं. पिवळ्या रंगाला मी तोंड वाकडं केलं, पण रंगाने कुणाचा जीव जात नाही. राहता राहिले पॅड.

"हे बघ," मी शक्य तितक्या शांतपणे म्हटलं, "रेसिंगचा पॅड तापल्याशिवाय नीट धरत नाही. सकाळी गार गाडी काढलीस, शाळेच्या फाटकापाशी एखादं पोर आडवं आलं, तू ब्रेक दाबलास, तर गाडी थांबायला हवी तिथे थांबणार नाही. शर्यतवाले आधी फेऱ्या मारून तापवून घेतात. तू काय शाळेला जाण्याआधी कॉलनीला चार फेऱ्या मारणार आहेस?"

"मी बघून चालवतो."

"सगळेच बघून चालवतात. मग माझं दुकान कशावर चालतं?"

"ताई, मला तेच हवेत. तुला द्यायचे नसतील तर तसं सांग, मी दुसरीकडून घेतो."

दुसरीकडून! हा शब्द माझ्या फार वर्मी लागला. दुसरीकडच्या माणसाने त्याला ते हसत हसत दिले असते, वर एक स्टिकर फुकट दिला असता. ठकी त्या सीटवर बसते हे त्या माणसाला ठाऊक नाही, आणि असतं तरी त्याला काय पडलंय? मी मागच्या गोदामात गेले.

तिथे एकाच कंपनीची दोन खोकी शेजारी शेजारी होती. लाल खोकं रेसिंगचं, करडं रोजच्या वापराचं. दोन्हींतल्या पॅडचा आकार तोच, पाठीचा पत्रा तोच काळा. फरक कळतो तो फक्त कडेला छापलेल्या दोन बारीक अक्षरांवरून. एक अक्षर गार असताना पॅड किती धरतो ते सांगतं, दुसरं तापल्यावर किती धरतो ते. ही अक्षरं मी चष्म्याशिवाय वाचते. आणि आमचे धाकटे साहेब, जे कॅलिपरच्या रंगाला दोन रेघा मारतात, ते ती कधीच वाचणार नाहीत याची मला पुरेपूर खात्री होती.

मी दोन्ही खोक्यांची सील सोडवली. पॅडांची अदलाबदल केली. लाल खोक्याला नवी चिकटपट्टी लावून अंगठ्याने नीट दाबली. रेसिंगचे पॅड भरलेलं करडं खोकं दुसऱ्या कुणाच्या हाती पडायला नको, म्हणून माझ्या पिशवीत टाकलं.

आमच्याकडे रीत अशी आहे की खोकं गिऱ्हाइकासमोर उघडायचं, जुना पॅड नव्याला लावून दाखवायचा, चारही मोजून द्यायचे आणि मगच पुन्हा बंद करायचं. ही रीत मोडली म्हणून मी दोन सेल्समनना मालकांसमोर झापलेलं आहे. त्या दिवशी मी बंद खोकं काउंटरवर ठेवलं आणि म्हटलं, "घे. कर काय करायचं ते." खरं सांगते, मला जराही लाज वाटली नाही. उलट आपण एका पोरीला वाचवलं, असं वाटून मी त्या दिवशी डब्यातल्या दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

सगळं त्याने स्वतःच्या हाताने बसवलं, आणि चांगलं बसवलं. कसं ते मी शिकवलं होतं ना! चार दिवसांनी फोन आला.

"ताई, काय धरतात पॅड! पहिल्या दाबालाच! आज सकाळी एक कुत्रं आडवं आलं, गाडी जागच्या जागी थांबली. आणि तू म्हणत होतीस गार असताना धरत नाहीत!"

मी फोन कानाशी धरून समोरच्या खोक्यांवरची धूळ पुसू लागले.

"तो व्हिडिओवाला बरोबर बोलत होता," तो पुढे म्हणाला. "तुम्हा दुकानवाल्यांचं काय होतं ताई, तुम्ही पार्ट विकता, पण गाडी काही पळवत नाही. राग मानू नकोस हं."

राग मानू नकोस! माझे पॅड, माझी अक्कल, माझं पाप, आणि श्रेय कुणाला, तर उलट्या टोपीला! खरं सांगून टाकावं असं अगदी ओठांवर आलं होतं. पण सांगितलं तर तो त्याच दिवशी जाऊन दुसरीकडून घेऊन येईल, म्हणून जीभ चावली. "बरं झालं," एवढंच म्हणाले. पुढच्या आठवड्यात त्याच्या गाडीक्लबातला एक जण दुकानात आला आणि मला म्हणाला, "ताई, रेसिंगचे पॅड गारही धरतात म्हणे. तुमचा भाऊ सांगत होता, तुम्हाला पटत नाही." हा क्लब म्हणजे वीसेक हौशी लोक, सगळे जुन्या स्पोर्ट्स गाड्यांवर जीव टाकणारे, आणि त्यातले निम्मे माझेच गिऱ्हाईक. त्यालाही मला खरं काही सांगता येत नव्हतं. असा राग माणसाला आतून पोखरतो.

महिन्याभराने एका रविवारी सकाळी मी ठकीसाठी स्वेटर विणला होता तो द्यायला भावाकडे गेले. भावजय गॅलरीत कपडे वाळत घालत होती. घरात टीव्हीचा आवाज नाही, ठकीची बडबड नाही.

"कुठे गेले बापलेक?" मी विचारलं.

ती चिमटा तोंडात धरून थांबली. मग चिमटा काढून म्हणाली, "ताई, तुम्ही ओरडणार नसाल तर सांगते."

"सांग."

"जुन्या धावपट्टीवर. विमानांची ती बंद पडलेली नाही का, तिथे. आज क्लबाचा दिवस आहे. वेळ लावून गाड्या पळवतात. हे तीन महिन्यांपासून त्याच्याच मागे होते. ताईला सांगू नकोस म्हणाले, ती काही मला जाऊ देणार नाही."

"तीन महिने?" मी म्हटलं. म्हणजे यादी घेऊन आला त्याच्याही आधीपासून. घर, ऑफिस, शाळा! माझ्या तोंडावर! "आणि ठकी?"

"तिला नेलंय. शेवटी मुलांना एकेक फेरी देतात म्हणे, हेल्मेट वगैरे घालून."

स्वेटर मी तिथेच कठड्यावर टाकला. जिना उतरताना त्याला फोन लावत होते. एकदा, दोनदा, पाच वेळा. रिंग वाजून वाजून बंद होत होती.

माझी छोटी गाडी मी आयुष्यात कधी हाकली नसेल अशी हाकली, आणि सबंध रस्ताभर त्याला शिव्या घातल्या. खोटारडा. लबाड. मी सरळ विचारलं होतं ना! एका शब्दाने सांगितलं असतं की धावपट्टीवर नेणार आहे, तर मी रेसिंगचे पॅड स्वतःच्या हाताने दिले असते, शाळेसाठी दुसरा जोड दिला असता, कधी कुठला लावायचा तेही सांगितलं असतं. रोजच्या पॅडवर गाडी शंभर वेळा शाळेत जाईल. पण सरळ धावपट्टीवर सुसाट सोडून शेवटाला करकचून दाबायची, वळून पुन्हा सोडायची, पुन्हा दाबायची, असं लागोपाठ केलं तर तो पॅड जळतो आणि एका क्षणी धरायचंच सोडून देतो. पाय पॅडलवर असतो, गाडी मात्र तशीच जात असते. एका सिग्नलला थांबले तेव्हा कुठे माझ्या मनात दुसरा विचार आला. त्याने मला एक खोटं सांगितलं, मी त्याला एक खोटं दिलं. त्याचं तोंडातून बाहेर पडून हवेत विरलं. माझं चाकाला बसवलेलं होतं. मग सिग्नल सुटला आणि मी पुन्हा त्यालाच शिव्या घालायला लागले, कारण ते सोपं होतं.

धावपट्टीच्या फाटकातून आत शिरले तोच वास आला. हा वास मी झोपेतसुद्धा ओळखेन. जळलेल्या पॅडचा. विमानांच्या जुन्या हँगरच्या सावलीत पंधरा-वीस गाड्या उभ्या होत्या, बाया चटया टाकून बसल्या होत्या, मुलं इकडून तिकडे पळत होती. आणि रांगेत सगळ्यात पुढे ती निळी गाडी. पुढच्या दोन्ही चाकांतून पातळ धूर निघत होता. आत धाकटा, आणि त्याच्या शेजारी डोक्यापेक्षा मोठं हेल्मेट घातलेली ठकी.

"आत्या!" ती ओरडली. "आम्ही पहिले आहोत!"

क्लबाचा सेक्रेटरी हातात झेंडा घेऊन उभा होता. मी धावत गाडीच्या खिडकीपाशी गेले.

"ठकीला उतरव."

मला बघून त्याचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला, पण लगेच त्याने हसून सावरून घेतलं. "ताई, घरी गेल्यावर ओरड. इथे नको, प्लीज."

"तिला उतरव म्हणते ना. पॅड जळतायत."

"तापलेत. पॅडल जरा खोल जातंय, पण अजून दोन फेऱ्यांत नीट तापले की आणखी धरतील. रेसिंगचे आहेत ताई, तापायलाच असतात ते." आणि आजूबाजूच्यांकडे बघून म्हणाला, "मी सांगत नव्हतो? आमच्या ताईला पटतच नाही."

चार-पाच जण हसले. चांगल्या मनाने हसले, पण हसले. त्यांत दातांचे डॉक्टर होते. त्यांच्या हिरव्या गाडीचा एकेक पार्ट गेली चौदा वर्षं माझ्या हातून गेलेला आहे. दुकानात आले की ते कधी यादी आणत नाहीत. "ताई देतील ते," एवढंच म्हणतात. टॅक्सी चालवणं सोडून आता स्वतःची गाडी बाळगणारा एक जण होता, एक कॉलेजच्या प्राध्यापक बाई होत्या. सगळे माझे. माझ्या काउंटरवर कोपर टेकून उभे राहिलेले.

मी त्याला बाजूला घेऊन सांगू शकले असते, पण तो उतरत नव्हता. होज पाइप गळतोय असं काहीतरी ठोकून देता आलं असतं. ते माझ्या मनात आलंही, नाही असं नाही. पण तो खाली वाकून बघेल, काही गळत नाही म्हणेल, हसेल आणि जाईल. सेक्रेटरीने झेंडा वर केला. धाकट्याने गिअर टाकला.

मी गाडीच्या समोर जाऊन उभी राहिले आणि दोन्ही हात बॉनेटवर ठेवले.

"ते रेसिंगचे नाहीत!" मी ओरडले. "खोकं रेसिंगचं होतं. आतले पॅड मी बदलले. रोजचे घातले. आता तरी बंद कर गाडी!"

त्याने इंजिन बंद केलं. गरम डिस्कचा टिक टिक आवाज येत होता.

तो उतरला. आधी वळसा घालून पलीकडे गेला, ठकीचा पट्टा सोडला, हेल्मेट काढलं, तिला उचलून चटईवर नेऊन बसवलं. मग माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"तू?" तो म्हणाला. "तू मला खोट्या खोक्यातून पॅड दिलेस?"

"मग काय करणार होते? तू ऐकत होतास? रोज सकाळी पोरगी बसते त्या गाडीत!"

"आत्ता कोण बसलं होतं?"

"तू मला सांगितलं असतंस तर ती आत्ता बसली नसती! मी विचारलं होतं ना, कुठे चालवणार आहेस?"

"आणि मी सांगितलं होतं ना, काय हवंय?"

याला माझ्याकडे उत्तर होतं. खूप उत्तरं होती. तू शहाणपणा केलास, तू लपवलंस, तू टोपीवाल्याचं ऐकलंस, तू मला खोकी काढून देणारी समजलास. मी ती सगळी दिली. एक एक करून, मोठ्याने, सगळ्यांसमोर. इतकी वर्षं माझ्या तोंडून ब्रेकबद्दल एक चुकीचा शब्द गेला नाही, आणि मला चोर ठरवतोस? मी बोलत होते, आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की माझ्याकडे कुणीच बघत नाहीये.

प्राध्यापक बाई त्यांच्या गाडीच्या पुढच्या चाकापाशी वाकल्या होत्या आणि मोबाइलचा टॉर्च लावून आत बघत होत्या. तो टॅक्सीवाला डिकी उघडून व्हील पाना शोधत होता. आमच्याजवळ उभे असलेले एकेक करून आपापल्या गाडीकडे चालू लागले.

"अहो!" मी म्हटलं. "ही माझ्या घरातली गोष्ट आहे! ही माझी भाची! तुमच्यापैकी कुणाला मी कधी… असं मी दुसऱ्या कुणालाही केलेलं नाही!"

कुणी उलट बोललं असतं, भांडलं असतं, तर मला बरं वाटलं असतं. भांडायला मी कुणाला भीत नाही. पण एकानेही भांडण केलं नाही.

दातांचे डॉक्टर तेवढे जागेवर होते. ते जवळ आले. मला म्हणाले, "ताई, पाणी घ्या थोडं." मी घेतलं नाही. मग त्यांनी अगदी हळू आवाजात, मला वाईट वाटू नये अशा बेताने विचारलं, "माझ्या गाडीत गेल्या वर्षी तुम्ही काय दिलं होतं हो?"

"तुम्ही म्हणालात ते, डॉक्टर. खोकं तुमच्यासमोर उघडलं होतं मी. चारही पॅड मोजून दिले होते."

"हो, हो. आठवतंय मला," ते म्हणाले. "माझा आहे ना तुमच्यावर विश्वास."

आणि ते वळून जॅक आणायला गेले.